हाफटाइमनंतरही आम्ही ‘टेररिस्ट’च

माझा भाचा मिरजेत राहतो, नववीला आहे, आणि मोबाइलवर त्याचे नाव रोहन आहे.

हे मला रमजानमध्ये कळले. तरावीह उरकून मुले घरी आली की सहरीपर्यंत झोपत नाहीत, हा आता सगळ्या मोहल्ल्यांतला रिवाज झाला आहे. आपा खाली स्वयंपाकघरात होती, मुले गच्चीवर मोबाइल घेऊन बसलेली. चौघांचा स्क्वॉड होता. त्यातला एक भाचा, दुसरा शेजारचा त्याचा दोस्त, आणि उरलेले दोघे ‘रँडम’, म्हणजे गेमने कुठून तरी आणून जोडून दिलेले. हेडफोन बिघडल्यामुळे सगळा आवाज स्पीकरवर चालू होता. रँडमपैकी एक जण मराठी निघाला. “भावा, मराठी काय? कुठला?” “मिरज.” “आयला, मी इचलकरंजीचा!” मग पुढची दहा मिनिटे दोघे शत्रूला शोधायचे सोडून मिरजेच्या स्टेशनबद्दल आणि कुठल्या तरी गाड्यावरच्या भेळीबद्दल बोलत होते. ऐकून मलाच बरे वाटले.

तेवढ्यात शेजारच्या पोराने घाईत भाच्याला खऱ्या नावाने हाक मारली.

माईकवर दोन-तीन सेकंद कुणीच बोलले नाही. मग दुसरा रँडम, तो हिंदी बोलणारा, हसला आणि म्हणाला, “अबे, ये तो मुल्ला निकला.” त्यानंतरचे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. जे लिहिता येतात ते पाकिस्तानी, जिहादी, टेररिस्ट. थोड्या वेळाने भाचा ‘नॉक’ झाला. या गेममध्ये गोळी लागली की लगेच मरण येत नाही. खेळाडू गुडघ्यांवर रांगत राहतो, आणि साथीदाराने जवळ येऊन काही सेकंद थांबून त्याला ‘रिवाइव्ह’ केले तर तो उठतो. इचलकरंजीचा पोरगा शेजारीच होता. तो जवळ आला, थांबला, आणि निघून गेला. “टेररिस्ट को कौन उठाएगा,” असे दुसरा म्हणाला. शेजारचा दोस्त नकाशाच्या दुसऱ्या टोकाला होता, तो पोचेपर्यंत खेळ आटोपला.

भाच्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, “मामू, म्हणूनच रोहन ठेवलंय. खऱ्या नावानं गेलो की खेळायलाच देत नाहीत.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसाळ्यात छत्री न्यावी लागते असे सांगावे तसे त्याने सांगितले. मला राग आला तो त्या सुराचा.

गेमचे नाव मुद्दाम लिहीत नाही. भाच्याच्या वर्गातली मुले तीन-चार वेगवेगळे गेम खेळतात, आणि कुठल्याही गेमबद्दल विचारले तरी हाच किस्सा ऐकायला मिळतो.

यावर शहाणे लोक जे उत्तर देतात ते पाठ आहे. गेम आहे, मनावर घेऊ नका, तिथे सगळेच सगळ्यांना शिव्या देतात. मान्य. शिव्या मीही ऐकल्या आहेत आणि दिल्याही आहेत. 2000 नंतरच्या वर्षांत आमच्या गावात सायबर कॅफे आले. शाळा बुडवून आम्ही काउंटर-स्ट्राइक खेळायचो. त्यात दोन बाजू असतात, टेररिस्ट आणि काउंटर-टेररिस्ट. आमच्या भाषेत टी आणि सीटी. सगळ्यांचा आवडता नकाशा डस्ट, वाळूच्या रंगाच्या भिंती, कमानी, अरबस्तानातल्या गावासारख्या गल्ल्या. म्हणजे दहशतवादी कुठे राहतो याचे चित्र तेव्हाच ठरलेले होते, हे आज कळते. तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हते, कारण ठराविक फेऱ्या झाल्या की बाजू बदलायची. जोशांचा मन्या टेररिस्ट व्हायचा आणि मी कमांडो. तो बॉम्ब लावायचा, मी निकामी करायचो. हाफटाइम झाला की उलटे. ‘टेररिस्ट’ हे तिथे संघाचे नाव होते, जर्सीसारखे. अंगावरून काढता यायचे.

गच्चीवर ऐकलेला ‘टेररिस्ट’ वेगळा आहे. तो भाच्याच्या खेळामुळे त्याला चिकटलेला नाही, नावामुळे चिकटला आहे. त्याला हाफटाइम नाही. म्हणून ‘सगळेच शिव्या देतात’ हा युक्तिवाद खोटा आहे. नीट खेळत नाही म्हणून दिलेली शिवी चांगले खेळून परतवता येते. नावामुळे दिलेली शिवी परतवायला नावच बदलावे लागते, आणि पोराने तेच केले.

खेळ निरागस असतो, त्यात राजकारण नंतर घुसते, हाही एक लाडका गैरसमज आहे. अमेरिकेच्या लष्कराने 4 जुलै 2002 रोजी, म्हणजे अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, ‘अमेरिकाज आर्मी’ नावाचा गेम फुकट वाटायला सुरुवात केली. हेतू लपवलेला नव्हता. तरुणांना भरतीकडे ओढायचे होते. या गेमची रचना मला भयंकर हुशारीची वाटते. दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूला आपला संघ अमेरिकी सैनिकांचाच दिसायचा आणि समोरचा संघ शत्रूचा. समोरच्यालाही तसेच. म्हणजे सामन्यात शत्रू म्हणून कुणी खेळतच नव्हते, तरीही शत्रू मरत होते. काउंटर-स्ट्राइकमध्ये निदान मन्याला आणि मला आळीपाळीने खलनायक व्हावे लागायचे. इथे ती पाळीच कुणावर येत नव्हती. प्रपोगंडा म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला धडा मला सुचत नाही.

याच गेममध्ये 2006 पासून जोसेफ डीलॅप नावाचा एक अमेरिकी कलावंत-प्राध्यापक शिरायचा. आत गेला की बंदूक टाकून द्यायचा, जागेवर उभा राहायचा आणि चॅटमध्ये इराकमध्ये मेलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे, वय, मृत्यूची तारीख टाइप करत बसायचा. त्याला गोळी घातली जायची. तो पुढच्या फेरीत परत येऊन पुढचे नाव टाइप करायचा. इतर खेळाडू चिडायचे, त्याला मतदानाने बाहेर काढायचे. तक्रार काय, तर खेळात राजकारण आणू नकोस. लष्कराने भरतीसाठी बनवलेल्या गेममध्ये, लष्कराच्याच मेलेल्या माणसांची नावे म्हणजे राजकारण!

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते आमच्या पोरांना माहीतच नसते. 1991 च्या आखाती युद्धात कुवेतहून बसऱ्याकडे माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर अमेरिका आणि मित्रराष्ट्रांच्या विमानांनी बॉम्बफेक केली. जळालेल्या गाड्यांच्या त्या रस्त्याला ‘हायवे ऑफ डेथ’ म्हणतात. 2019 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर’मध्ये याच नावाचा रस्ता आहे. देश काल्पनिक, आणि हल्ला केला रशियनांनी. वाद झाला, पण गेम खेळून मोठ्या होणाऱ्या पोराच्या डोक्यात ते नाव कुणाच्या खात्यावर जमा झाले? त्याच मालिकेच्या 2021 च्या भागात कुरआनची पाने जमिनीवर पसरलेली दाखवली होती. मुस्लिम खेळाडूंनी आवाज उठवल्यावर कंपनीने माफी मागून ती काढली. पाने काढणे सोपे होते. रस्ता अजून रशियनांच्याच नावावर आहे.

आता कंपन्यांकडे येऊ. लोक काय बोलतात यावर आमचे नियंत्रण नाही, शब्दांच्या मागे किती लागणार, असा त्यांचा सूर असतो. हे धादांत खोटे आहे. शब्दांच्या मागे लागण्यात या धंद्याइतके पटाईत कुणी नाही.

पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी भारतात बंदी आली, एकूण 118 अॅप्स होती. पुढच्या वर्षी जुलैमध्ये तो गेम ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, तेव्हा रक्ताचा रंग हिरवा झाला होता आणि ‘किल’ हा शब्द जाऊन ‘फिनिश’ आला होता. हा खेळ आभासी आहे, खऱ्या जगाशी याचा संबंध नाही, असेही आवर्जून सांगितले जाऊ लागले. चीनमधली आवृत्ती तर त्याच्याही पुढची. 2019 च्या मे महिन्यात तिथे ‘गेम फॉर पीस’ आला. त्यात गोळी लागलेला माणूस मरत नाही, हात हलवून निरोप घेतो आणि आपले सामान देऊन जातो. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ 2020 मध्ये आला तेव्हा चॅटमध्ये तैवान किंवा हाँगकाँग लिहिले की अक्षरांच्या जागी फुल्या पडायच्या. 2019 मध्ये हाँगकाँगच्या एका व्यावसायिक खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत आंदोलनाची घोषणा दिली, तर ब्लिझार्ड कंपनीने त्याला वर्षासाठी बाहेर काढले आणि बक्षिसाची रक्कमही रोखली. जगभर ओरड झाली तेव्हा शिक्षा सहा महिन्यांवर आली, पैसे परत मिळाले.

म्हणजे शब्द ऐकू येतात. एका देशाचे नाव ऐकू येते, ‘किल’ ऐकू येते, चिनी सरकारला खुपणारी घोषणा तर लगेच ऐकू येते. मुल्ला आणि जिहादी ऐकू येत नाहीत, कारण त्यांच्यासाठी कुठल्या सरकारने दट्ट्या लावलेला नाही आणि कुठला बाजार हातचा जाणार नाही. आपल्या संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली. चांगले झाले, घरे बुडत होती. पण चौदा वर्षांच्या पोराला रात्री दोन वाजता काय ऐकावे लागते, हा त्या कायद्याचा विषय नव्हता.

उलट 2023 मध्ये सगळा देश गेमकडे कान लावून बसला होता, तो वेगळ्याच शब्दासाठी. त्या वर्षी गाझियाबाद पोलिसांनी ऑनलाइन गेमच्या ओळखीतून अल्पवयीन मुलांचे धर्मांतर केल्याचा गुन्हा नोंदवला. हरणाऱ्या मुलांना आयती म्हणायला सांगितल्या जायच्या, मग ती जिंकायची, असा पोलिसांचा दावा होता. त्यात मुंब्र्याचे नाव आले, आणि मग काय विचारता. खरे-खोटे ठरवायला न्यायालय आहे. कुणी लहान पोरांना फसवले असेल तर त्याला शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण चॅनलवाल्यांनी तोपर्यंत शब्द तयार ठेवला होता, ‘गेमिंग जिहाद’. लव्ह, लँड, व्होट अशा शेपटांच्या रांगेत आणखी एक. त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या किती तरी घरांत बापांनी मुलांचे मोबाइल तपासले. हिंदू घरांत मुलगा मुसलमान होईल या भीतीने, आणि मुस्लिम घरांत मुलगा पोलिसांच्या यादीत जाईल या भीतीने. रोहन, आर्यन, विकी ही नावे त्यानंतरच वाढली असावीत, असा माझा अंदाज आहे. आणि गंमत पाहा, उद्या तेच नाव पकडले गेले तर तोच पुरावा होईल. पाहा, नाव बदलून शिरला होता!

इथवर वाचून माना डोलावणाऱ्या आपल्या लोकांशी आता थोडे भांडायचे आहे.

आपली पोरे काय करतात? मी आणखी चार-पाच रात्री गच्चीवर बसलो. समोरून पहिली शिवी आली की इकडून ‘काफर’ जातो. त्यामागून गाय, मूत, शेण वगैरे सगळा कचरा. शेजारच्या पोराला विचारले, काफर म्हणजे काय रे? म्हणाला, “त्यांना म्हणतात तसं.” त्या अरबी धातूचा मूळ अर्थ झाकणे, आणि बी मातीत झाकणाऱ्या शेतकऱ्यासाठीही कुरआनात एके ठिकाणी हाच शब्द येतो, हे त्याच्या गावीही नाही. गावी असते तरी फरक पडला नसता. त्याच्या तोंडात तो धर्मशास्त्राचा शब्द नाही, दगड आहे.

दुसरे, क्लिपा. ‘आर्मा 3’ हा चेक कंपनीचा युद्धाचा गेम इतका हुबेहूब आहे की जगभर त्याची दृश्ये खरी लढाई म्हणून खपतात. 2021 च्या सप्टेंबरमध्ये पंजशीरवर पाकिस्तानी विमानांचा हल्ला म्हणून आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी हाच गेम दाखवला. आपण हसलो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गाझात इस्रायली हेलिकॉप्टर पाडले म्हणून याच गेमची क्लिप आली, तेव्हा ती माझ्या खानदानाच्या ग्रुपवर तीन जणांनी टाकली, वर माशाअल्लाह. 2025 च्या मेमध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा दोन्हीकडच्या विजयाच्या क्लिपांत गेमचीच दृश्ये फिरत होती आणि पीआयबीच्या फॅक्ट चेकला खुलासे करावे लागत होते. कंपनीने 2022 मध्येच ओळखण्याच्या खुणा सांगून ठेवल्या आहेत. चित्र अस्पष्ट, कॅमेरा हलता, बहुतेक वेळा रात्र, आवाज नाही किंवा नीट नाही, हालचाल करणारी माणसे जवळजवळ नाहीत. आमच्या भाच्याने ती क्लिप दोन सेकंदांत ओळखली होती. मोठ्यांना सांगितले तर चाचाजान म्हणाले, तू गप बस.

तिसरी गोष्ट सांगताना मजा येत नाही. सिंगापूरच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने 2023 च्या फेब्रुवारीत सोळा वर्षांच्या एका मुलाबद्दल माहिती दिली. तो रोब्लॉक्सवर आयसिसच्या नावाने चालणाऱ्या सर्व्हरांत खेळायचा, स्वतःला त्यांचा सैनिक समजायचा, आणि गेमच्या दृश्यांतून प्रचाराचे व्हिडिओ बनवायचा. त्याच विभागाने 2021 च्या जानेवारीत दुसऱ्या एका सोळा वर्षांच्याच मुलाबद्दल सांगितले होते. तो भारतीय वंशाचा, धर्माने ख्रिश्चन, आणि दोन मशिदींवर हल्ला करायच्या तयारीत होता. त्याच्या डोळ्यांसमोर 15 मार्च 2019 चे क्राइस्टचर्च होते. तिथे मशिदींत 51 माणसे मारणाऱ्याने डोक्यावर कॅमेरा लावून ते शूटिंग गेमसारखे थेट दाखवले होते. दोन पोरे, एकच शहर, एकच वय. पहिल्याचे नाव घेतले की आपण विषय बदलतो, दुसऱ्याचे घेतले की ते बदलतात.

मग करायचे काय? आपल्याकडे एक ठरलेला उपाय आहे, शब्दकोश. कुणी जिहादी म्हटले की आपण लगेच खुर्ची ओढून बसतो. जिहाद म्हणजे प्रयत्न, स्वतःच्या वाईट वृत्तींशी झगडा. मी स्वतः वीस वर्षे हे करतो आहे, व्याख्यानांत, लेखांत. सगळे बरोबर आहे आणि माईकवर याचा शून्य उपयोग आहे. भाच्याने एकदा करून पाहिले. वाक्य अर्ध्यावर असताना समोरचा म्हणाला, “ज्ञान मत दे, गाडी ला.” शिवी देणाऱ्याला अर्थ माहीत नसतो असे थोडेच आहे? त्याला तोच अर्थ हवा असतो. आपण व्युत्पत्ती सांगायला लागलो की आपण कबूल करतो, की होय, हा प्रश्न माझ्यासाठीच होता, हा पाहा माझा खुलासा. शब्दावरचा हा वाद शब्दाच्या अर्थाचा कधीच नसतो. खुलासा कुणी द्यायचा, याचा असतो.

एका रात्री तर उलटाच प्रकार. भाचा नॉक होऊन संपला आणि गमतीत म्हणाला, “चला, मी शहीद.” स्क्वॉडमधला एक जण, पुण्याकडचा असावा, मराठीत म्हणाला, “शहीद तुमचा शब्द. वीरगती म्हण.” भाचा म्हणाला, “मग भगतसिंगांच्या नावापुढे काय लावू?” पलीकडून बराच वेळ उत्तर आले नाही, आणि मग, “बरं, खेळ.” त्याने खुलासा दिला नाही, मागितला. मला वाटते पोराला माझ्यापेक्षा जास्त कळते.

पण नाव त्याने रोहनच ठेवले आहे. मी बदल म्हणालो नाही. त्या लॉबीत रोज मला उतरायचे नाही, मग त्याच्या जिवावर हिंमत दाखवणारा मी कोण? मी एवढेच केले, त्या पहिल्या रात्रीच्या दोघांची तक्रार त्याच्याकडून करवून घेतली. तक्रारीच्या यादीत फसवेगिरी होती, मुद्दाम हरणे होते, शिवीगाळ होती. धर्मावरून बोलणे असे काही नव्हते. शिवीगाळीवर बोट ठेवले. आभार मानणारा निरोप आला, इंग्रजीत. पुढे काही नाही.

इचलकरंजीच्या पोराची मात्र ईदच्या दुसऱ्या दिवशी फ्रेंड रिक्वेस्ट आली. सोबत दोन शब्द, “सॉरी भावा.” भाच्याने ती अजून स्वीकारलेली नाही, खोडलेलीही नाही. मी विचारले तर म्हणाला, “मामू, रिक्वेस्ट रोहनला आलीय.”